दोघींचा निकाल

थोरली पार्लरचं दार ढकलून आत आली, तेव्हा धाकटीच्या एका हातात गिऱ्हाइकाची बट होती आणि दुसऱ्या हातात कात्री. तिने वळून पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. कात्रीच्या टोकावर नजर ठेवून म्हणाली, "बस. होतच आलंय."

खुर्चीतल्या बाईंनी मात्र आरशात पाहिलं आणि त्या चकितच झाल्या. "अगंबाई, जुळ्या का तुम्ही? एकीला झाकावं नि दुसरीला काढावं!"

"मी जरा आधी आले," थोरली म्हणाली. "तेवढ्यावर जन्मभर ताईगिरी करतेय."

"मग दुखणीखुपणीही बरोबरच येत असतील," बाई हसल्या. "आमच्या शेजारच्या जुळ्यांना गोवरसुद्धा एकदमच निघाला होता."

कात्री थबकली. मग पुन्हा चालू लागली.

दोघींची आई ज्या दुखण्याने गेली, ते रक्तातून उतरणारं होतं. आधी हात आपोआप उडायला लागले, मग चालणं गेलं, गिळणं गेलं, शेवटी मुलींची ओळखही. तो दोष आपल्यात आलाय की नाही हे तपासून कळत होतं, पण कळून करायचं काय? औषधच नव्हतं. आता एका नव्या औषधाचे प्रयोग सुरू झाले होते. दोष आहे पण दुखणं अजून उमटलेलं नाही, अशांनाच त्यात घेत होते. थोरलीने लगेच रक्त दिलं. धाकटी मात्र भांडली. "तुला कळलं की मला कळलंच. तुझं रक्त वेगळं आहे होय? मग मी काय रोज माझ्या पोरीच्या हातांकडे बघत बसू?" शेवटी थोरलीने शब्द दिला, निकाल काहीही लागो, ती अवाक्षर काढणार नाही.

निकाल आज होता.

गिऱ्हाईक गेलं. थोरली उठून खुर्चीत बसली. "माझीही टोकं काप जरा."

धाकटीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "मी काही विचारणार नाही हं."

"विचारलंस तरी सांगू काय? मलाच सांगितलं नाही."

धाकटीने आता कुठे आरशात पाहिलं. थोरलीचे डोळे जागरणाने सुजलेले होते. पण ती खोटं बोलत नव्हती. ते तिला कधी जमलंच नाही. लहानपणी तिच्यामुळेच दोघी पकडल्या जायच्या.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जुळी बहीण आहे का? म्हटलं, आहे. अगदी सारखी? म्हटलं, बाबासुद्धा एकीचा धपाटा दुसरीला घालायचे. तर म्हणाल्या, मग हा निकाल तुमच्या एकटीचा नाही, दोघींचा आहे. बहिणीची तयारी असल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

"बरं झालं."

"बरं कसलं? जीव टांगणीला लागलाय माझा. रडलेच मी तिथे. मग त्याच बिचाऱ्या कळवळल्या. म्हणाल्या, उद्या दोघी या. तोवर तुमची जागा मी धरून ठेवते."

"कसली जागा?"

"औषधाच्या प्रयोगातली. अगदी थोड्या उरल्यात म्हणे. लोक रांगेत आहेत, तरी त्या आपल्यासाठी थांबणार आहेत. बाई मनाने चांगल्या आहेत गं."

धाकटीने उचललेला कंगवा पुन्हा खाली ठेवला. निकाल चांगला असता, तर जागा कशाला धरून ठेवली असती?

थोरली आरशातून तिच्याकडे बघत होती. आपण काय सांगून बसलो, ते तिच्या ध्यानातही आलेलं नव्हतं. ती बोलतच होती. डॉक्टरीणबाईंनी पाणी कसं दिलं, दारापर्यंत कशा सोडायला आल्या, खांद्यावर हात कसा ठेवला.

"ऊठ," धाकटी म्हणाली. "आधी केस धुऊन देते. मागे बेसिनपाशी चल."

थोरली बेसिनच्या खुर्चीत मान मागे टाकून बसली.

"डोळे मीट. फेस जाईल."

थोरलीने डोळे मिटले. धाकटीने नळ मोठा सोडला. थोड्या वेळाने पोरगी शाळेतून इथेच यायची होती. ती दारात उभी राहिली की आपली नजर आधी कुठे जाईल, हे तिला आत्ताच कळलं होतं.

"उद्याचं काय?" थोरलीने मिटल्या डोळ्यांनी विचारलं. "बळजबरी नाही हं. नको वाटत असेल तर राहू दे."

"येते."

"खरंच?"

"हो म्हटलं ना."

थोरलीने मोठा श्वास सोडला. इतके दिवस ताठलेली तिची मान एकदम सैल पडली. "मला आतून वाटतंय, काही निघायचं नाही. तू उगाच भितेस. लहानपणापासून तशीच आहेस, भित्री भागूबाई." मग जांभई देत, "बरं वाटतंय गं. जरा चोळ अजून," एवढंच पुटपुटली.

धाकटी चोळत राहिली. तळव्यांतलं डोकं हळूहळू जड होत गेलं. थोरलीला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, भुवईवर फेसाचा ठिपका. धाकटीने नळ बंद केला आणि ते डोकं दोन्ही हातांत तोलून, न हलता उभी राहिली.

दार उघडलं. नेहमीच्या एक बाई आत डोकावल्या. धाकटीने मानेनेच नको म्हटलं.

"झोपल्या वाटतं," त्या हळूच म्हणाल्या. "मग मी उद्या येऊ?"

धाकटीने पुन्हा मानेनेच नको म्हटलं.