प्रॉम्प्टरची पसंती

“एकदम थेटर, ताई! छप्पर उडेल!” दुकानदाराने मोठे स्पीकर दणाणून दाखवले.

“आमच्या एवढ्याशा हॉलचं छप्पर राहू दे, दादा. हे जुनं नाटक लावा,” ऋताने मोबाइल पुढे केला. स्पीकर शेजारी उभ्या असलेल्या आबांसाठी हवे होते. तिचे हे आजोबा जन्मभर हौशी नाटकांचे प्रॉम्प्टर, विंगेतून नटांना शब्द पुरवणारे. हल्ली मात्र टीव्हीवरचं बोलणं त्यांना कळत नसे. घरात सगळे हसले, की तेही हसत.

नाटक सुरू झालं. आबांची नजर ऋताच्या चेहऱ्यावर होती. ती मुद्दाम हसली, आबाही हसले. “झकास आहेत!”

“लबाड! तिथे बाई रडतेय, आबा.”

मग तिने सगळ्यांत छोटे, स्वस्तातले स्पीकर लावायला सांगितले.

“त्यांच्यात दम नाही. नुसतं बोलणं ऐकू येतं,” दुकानदार कुरकुरला.

आबा ऋताकडे बघायचं विसरले. त्यांचे ओठ हलू लागले, नटाच्या तोंडून वाक्य यायच्या आधीच.

“हेच बांधून द्या!” ऋता आनंदाने ओरडली.

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. “शूऽऽ! प्रयोग चालू आहे.”