उताऱ्यात नसलेलं वाक्य

दहावीच्या वर्गात इंग्रजीच्या उताऱ्याचा सराव चालू होता. उतारा कारखान्यातल्या अपघाताचा होता. ‘कामगाराचा हात यंत्रात का अडकला?’ याचं उत्तर बाकी सगळ्यांनी ‘त्याच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिलं, ‘मालकाने यंत्राची संरक्षक जाळी काढली होती.’ बाईंनी फुली मारली. “हे उताऱ्यात कुठे आहे?” “नाहीये, बाई. पण माझ्या बाबांची चार बोटं अशीच गेली. आणि वर साहेब म्हणाले, तुझंच लक्ष नव्हतं!” “बाळा, परीक्षेत घरचं लिहायचं नसतं. उत्तर उताऱ्यातूनच शोधायचं.” मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिची कानशिलं तापली. तिने पुस्तक ओढलं, पेन इतकं दाबलं की कागद फाटायला आला, आणि उताऱ्याच्या शेवटच्या ओळीखाली आपलं वाक्य इंग्रजीत, एकही चूक न करता लिहिलं. पुस्तक बाईंपुढे आपटून म्हणाली, “आता आहे उताऱ्यात.”