उडवायची राहिलेली पोस्ट

रविवारी सकाळी मी जुन्या ब्लॉगची साफसफाई काढली. बंद पडलेल्या लिंक बदलल्या, हरवलेले फोटो शोधून परत लावले आणि एका पोस्टपाशी थबकलो: ‘मला मुलगी का देऊ नये’. आईने स्थळं आणून भंडावून सोडलं, तेव्हा चिडून लिहिली होती: मी घोरतो, मला साधा चहा जमत नाही, आणि भांडण ऐन रंगात आलं की मलाच हसू फुटतं. आता आमच्या मुलीने वाचण्याआधी ती उडवलेली बरी. बोट बटणावर गेलं तोच मागून बायकोचा आवाज आला, “खबरदार. लग्नाआधी तुझी चौकशी करताना माझ्या बाबांना हीच सापडली होती. म्हणाले, भांडताना हसणारा माणूस आहे, सोडू नकोस.” मी बोट मागे घेतलं. तिने चहाचा कप ठेवला, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि पोस्टखाली पहिली प्रतिक्रिया लिहिली: ‘यादी अपुरी आहे. सविस्तर संध्याकाळी.’