हिरव्या ठिपक्याचा गुरुवार

सुवर्णाबाईंनी गोळ्यांची पट्टी सुनेच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. नुसती पट्टी बरी दिसेना, म्हणून वर दोन बिस्किटं ठेवली.

“आजपासून घे. शुक्रवारी विसर्जन झालं की बंद कर. येतानाच घेऊन आले मी, इथे चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही ना.”

पाळी लांबवायच्या त्या गोळीची ज्ञानदाला कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. नागपूरच्या औषधाच्या दुकानात तिनं शेकडो बायकांना ती दिली होती. गणपतीच्या आधी तर पट्ट्या संपायच्या. आता अमेरिकेत, ईडन प्रेरीला, गेली चार वर्षं ती दुसऱ्या फार्मसिस्टच्या सहीखाली औषधं बाटल्यांत भरत होती.

“आई, मी नाही घेणार.”

“अगं, नव्या घरातला पहिला गणपती. प्राणप्रतिष्ठेला जोडीनं बसायचं. चाळीस माणसं सांगितलीत. आणि तुझी तारीख नेमकी सोमवारचीच.”

तारीख त्यांना कळली होती ती फ्रिजवरच्या कॅलेंडरवरून. इंडियन ग्रोसरीत फुकट मिळालेल्या त्या कॅलेंडरवर ज्ञानदानं आठ महिने रोज एक ठिपका दिला होता. लाल, पिवळा, नाहीतर हिरवा. आल्या आल्या सुवर्णाबाईंना ते दुधाचे खाडे वाटले होते. इथे दूध आपणच दुकानातून गॅलननं आणतो हे लक्षात आल्यावर मात्र त्या चांगल्याच ओशाळल्या होत्या.

ज्ञानदा इथल्या फार्मसिस्टच्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा रडून झाल्यावर तिनं जुन्या तारखा काढल्या. दोन्ही पेपर पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत आले होते, आणि त्या दिवसांत तिचं अर्धं डोकं असं दुखायचं की स्क्रीनवरचे आकडे जागेवर राहायचे नाहीत. तेव्हापासून ते तीन दिवस तिनं लाल केले. लाल दिवशी पुस्तक बंद, फार तर जुन्या नोट्स चाळायच्या. पिवळ्या दिवशी उजळणी. नवा धडा आणि मॉक टेस्ट हिरव्या दिवशी. या वेळी परीक्षेची तारीखही तिनं तशीच निवडली होती, पाळीच्या अकराव्या दिवसाची.

ती उठली आणि कॅलेंडरसमोर उभी राहिली.

“हे बघा. सोमवारी पाळी आली, तर त्याच्या पुढच्या आठवड्यातला परीक्षेचा गुरुवार हिरवा. गोळी घेऊन शुक्रवारी बंद केली, तर पाळी मंगळवारी. म्हणजे गुरुवारी मी लाल दिवसात एक्झॅमला बसणार. मॅनेजरनं फार्मसिस्टची जागा ऑक्टोबरपर्यंत होल्ड केलीय, आई. त्यानंतर नाही.”

“अनीश, सांग रे हिला,” सुवर्णाबाई म्हणाल्या.

अनीश जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडला, की त्याची हमखास मीटिंग असायची. त्यानं कानाला हेडफोन लावले.

“मी तीस वर्षं घेतल्या या गोळ्या,” सुवर्णाबाई म्हणाल्या. “गणपती, गौरी, लग्नं, मुंजी. मला काय झालं?”

“काहीच नाही झालं?”

ज्ञानदानं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं, काउंटरवर विचारायची तसं. सुवर्णाबाईंनी फडकं घेतलं आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागल्या.

“पोस्टात होते तेव्हा खात्याची परीक्षा होती,” त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या. “बढतीची. गौरी गेल्या आणि चौथ्या दिवशी पेपर. त्या गोळ्या बंद केल्या की मला फार जायचं. साडी खराब झाली. अर्ध्या पेपरातून उठून आले.”

“मग?”

“मग काय. पुन्हा नाही बसले.”

अनीशनं हेडफोन काढले होते. हे त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

ज्ञानदा कॅलेंडरजवळून ओट्याशी आली. “आई, मी मोदकांचं सारण आदल्या दिवशीच करून ठेवते. सोमवारी मी देवाजवळ यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी भांडणार नाही. गोळी घ्यायची की नाही, ते मी ठरवणार.”

तेवढ्यात सुवर्णाबाईंचा फोन वाजला. त्या नेहमी स्पीकरवरच बोलत. फोन सीमाकाकूंचा होता. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांच्या पूजांची व्यवस्था त्याच बघायच्या.

“सुवर्णाताई, गुरुजी सोमवारी नवाला येतायत. अनीश आणि ज्ञानदा दोघं बसणार ना?”

सुवर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे.

“अनीश एकटा बसेल. ज्ञानदा वर अभ्यास करेल. तिची परीक्षा आहे.”

“परीक्षा तर त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे ना? की तिची अडचण आहे? मग एवढं काय, गोळ्या द्या की तिला. नसतील तर मी पाठवते, माझ्याकडे असतात.”

सुवर्णाबाईंनी बिस्किटं बशीत काढून ठेवली, पट्टी उचलली आणि पायानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. अंगठ्यानं दाबून एकेक गोळी त्या आत पाडायला लागल्या. टक्. टक्. टक्.

“नको हो सीमाताई,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे चालत नाहीत.”