उष्टा ग्लास

गेर्लिंडेने आजही ग्लास फिरवला नाही.

लोथारने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वाईन बनवणाऱ्या एमेरिखने पहिला घोट घेऊन ग्लास तिच्या हातात दिला आणि त्याचे ओठ जिथे टेकले होते, तिथेच हिने आपले टेकवले. लोथारशी छत्तीस वर्षांचा संसार, पण नवऱ्याकडून आलेला ग्लास बाई न चुकता अर्धा फिरवून पिते!

तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंचांनी हे जर्मन गाव जाळलं, तेव्हा धड असा एकच ग्लास उरला होता म्हणे. तेव्हापासून वाईनवाल्याच्या अंगणात एका बाकावर बसलेले सगळे एकाच ग्लासातून पितात. ज्याची वाईन, त्याचा पहिला घोट. आलेला ग्लास न पिता खाली ठेवला, की देणाऱ्याशी जन्माचं वैर. उष्टी कड फिरवून घेणं हा साधा शिष्टाचार. तो पाळत नाहीत फक्त नवराबायको, तेही नवे नवे असताना.

हे चाललं होतं मार्चपासून, एमेरिख मूतखडा काढून इस्पितळातून परतला तेव्हापासून. लोथारचा नुसता जळफळाट झाला होता. काल बेकरीवाला वेंडेलिनही डोळा मारून म्हणाला होता, "तुझ्या बायकोला एमेरिखची वाईन फारच गोड लागते रे!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एमेरिखच्या दारावर घरची वाईन विकायला असल्याची खूण, हिरवी डहाळी, पुन्हा लटकली आणि अंगण भरलं. लोथार मुद्दाम दोघांच्या मध्ये जाऊन बसला. ग्लास खाली ठेवायचा, सगळ्यांसमोर, हे त्याचं ठरलं होतं.

एमेरिखने नवा ग्लास भरला, तोंडाला लावला आणि पुढे केला. लोथारने ग्लास घेतला आणि ओठांची खूण शोधली.

खूण नव्हतीच. कड ठणठणीत कोरडी होती. वाईन थेंबभरही उतरली नव्हती.

"मूतखडा नव्हता, लोथार. लिव्हर गेलंय," एमेरिख पुटपुटला. "मार्चपासून एक थेंब नाही. न पिणाऱ्याची वाईन हे गाव पिईल का?"

लोथारने बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कड कोरडी लागली. फिरवणार काय?" ती हळूच म्हणाली. "आणि तुला सांगू कशी? तुझ्या पोटात काही राहतं का?"

लोथारने ग्लास तोंडाला लावला. न फिरवता मोठा घोट घेतला.

"अरे वा!" वेंडेलिन समोरून ओरडला. "आता तूही एमेरिखचं उष्टं प्यायला लागलास?"

अख्खं बाक हसलं. लोथारचे कान लाल झाले.

"आमच्या घरची तीच रीत आहे," तो म्हणाला आणि ग्लास बायकोच्या हातात दिला.

आता कड ओली होती. गेर्लिंडेने ग्लास फिरवला नाही.