चर्चा करावी

लिस्बनहून जगात कुठेही चाळीस मिनिटांत पोचणारं विमान सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. मुंबईत मात्र ते अजून उतरत नव्हतं. आपल्या देशातल्या कंपनीचं तसलं विमान तयार होईपर्यंत परक्यांना उतरू द्यायचं नव्हतं, आणि लिस्बनवाले आपले आंबे घ्यायला राजी नव्हते. म्हणून हवाईमार्ग खात्याच्या उपसचिव मृणालिनी खानविलकर दरवर्षी त्या विमानाच्या परवानगीच्या फायलीवर "चर्चा करावी" असा शेरा मारून ती परत पाठवत. आजही त्यांनी थकल्या हातानं तोच शेरा मारला.

तेवढ्यात लिस्बनहून लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते.

"आई, कळा सुरू झाल्यात. कधी येतेस?"

"तीन विमानं बदलायची म्हणजे... परवा संध्याकाळी पोचेन गं."

"आणि ते चाळीस मिनिटांचं?"

"चर्चा चालू आहे," त्या सवयीनं बोलून गेल्या.

पलीकडे लेक दम खात हसली. "लहानपणी मी कुत्रं मागायचे, तेव्हाही बाबांशी तुझी चर्चाच चालू असायची. राहू दे, आई. मी शेजारच्या बाईंना हाक मारते."