वाकडी चोच

नाकाला ओढणी बांधूनच मोनालीने फळ्यावर गिधाडाची चोच काढली. शाळेमागच्या नाल्यात पुंडलिकरावांचा बैल मरून तीन दिवस झाले होते. वारा फिरला की तिचा सगळा चौथीचा वर्ग नाक दाबायचा.

चोचींच्या धड्यासाठी तिने घरून अडकित्ता आणला होता, तो पोपटाचा. चिमटा बगळ्याचा. आणि घाटंजीच्या बाजारातल्या हमालाकडून मागून आणलेला, पोती उचलायचा लोखंडी आकडा, तो गिधाडाचा. पोरांनी आकड्याने जुनं पोतं टराटरा फाडलं, तेव्हा कुठे वाकड्या चोचीचं काम त्यांच्या ध्यानात आलं. पूर्वी असा बैल नाल्यात पडला की गिधाडं दोन दिवसांत नुसती हाडं ठेवायची, असं ती सांगत होती. मग गिधाडं गेली कुठे, पुंडलिकरावांच्या नातीने, निशिगंधाने, विचारलं. ढोरांना दुखण्यावर एक इंजेक्शन टोचायचे, तशी मेलेली ढोरं खाऊन गिधाडंच मेली, मोनालीने सांगितलं. गिधाडासाठीही कुणी हळहळतं, हे पोरांना नवीनच होतं.

तेवढ्यात दारात पुंडलिकराव उभे राहिले. शाळा समितीचे अध्यक्ष. हातात मोनालीचाच अर्ज होता. बैल ताबडतोब पुरून टाकावा म्हणून तिने ग्रामपंचायतीला दिलेला. आजवर गावात त्यांच्याविरुद्ध कुणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. लिहिल्या त्याही कुणी, तर ज्या वस्तीने एके काळी त्यांच्या दारची मेलेली ढोरं ओढली, तिथल्या पोरीने. मिरची भलतीच झोंबली होती.

मोनाली मानधनावर होती. या महिन्यात तिची मुदत संपत होती आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर अध्यक्षांची सही लागणार होती. हे तिला ठाऊक होतं. पुंडलिकरावांना तर जास्तच ठाऊक होतं.

चप्पल न काढता ते आत आले. फळ्याकडे बघून म्हणाले, गिधाडाला गिधाडच आठवणार. तीन-चार पोरं हसली. निशिगंधाही हसली. मोनालीची कानशिलं तापली.

मग त्यांनी हुकूम सोडला. अर्ज मागे घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत वस्तीतली चार माणसं दोर घेऊन नाल्यावर पाठवायची. सहीचं त्यानंतर बघू. तुम्ही ट्रॅक्टर लावा, खड्डा सगळे मिळून खोदू, असं तिने सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, आमच्या घरचे लोक मेल्या ढोराला हात लावत नाहीत. पोळ्याला त्याच बैलाच्या शिंगांना बेगड चिकटवणारे हात तो मेल्याबरोबर विटाळायला लागले होते.

"तुह्या पणजानं, उकंड्यानं, आमच्या घरचे किती बैल ओढले, मालूम हाय तुले?" पुंडलिकराव म्हणाले.

तिला मालूम होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर उकंडाने ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला, हेही मालूम होतं. त्यांच्या घरात पोरांना हे पाढ्यांच्या आधी सांगत. तिने खडू टेबलावर ठेवला. राग होता आणि भीतीही होती. आता तोंड उघडलं तर ही सही मिळणार नाही आणि हा वर्गही राहणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने खडू ठेवलेला पाहून पुंडलिकरावांना चेव आला. ते पोरांकडे वळून हसले आणि मग तिला विचारलं, "इंजेक्शनानं गिधाडं मेले, असं शिकवून राह्यली तू. अन् ढोरं ओढणारे? थे कायनं मेले?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

"थे मेले नाई, काकाजी," मोनाली म्हणाली. "शिकले."